कपाटावरचा डबा

बेटा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. लगेच लिहायला बसलो असतो तर रागाच्या भरात काहीतरी लिहून गेलो असतो, म्हणून सकाळ होऊ दिली. संगमरवरी डबी, काचेचा गोळा, लॉकेट, राखेपासून केलेला हिरा आणि रोप लावलेली कुंडी असे फोटो पाठवलेस आणि खाली विचारलंस, "आप्पा, बाबांच्या अस्थींसाठी घरात यातलं काय चांगलं दिसेल?"

अगं, तुझ्या बापाने उभ्या जन्मात दिसण्यासाठी काही केलं का? शहाद्याच्या त्या मळ्यात मिरची तोडताना हाताची आग व्हायची, तरी संध्याकाळी तेच हात धुऊन तो ओट्यावर माणसांना पाणी द्यायचा. त्याच्या अस्थी तू पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाटावर, स्टीलच्या डब्यात ठेवल्यास. डबा बदलून कलश आणलास, कलश बदलून हिरा आणलास, तरी जागा कपाटावरचीच ना? माझं म्हणणं एवढंच आहे आणि तू कंटाळलीस तरी पुन्हा सांगेन: ज्याला हात लागतो तेच ठेव. ज्याला हात लागणार नाही ते नदीला दे.

गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये देशभरातल्या नद्यांमध्ये गेल्या. पण एक कलश कटकच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये राहून गेला. तो बाहेर निघून अलाहाबादच्या संगमावर पोचायला १९९७ साल उजाडलं. एवढ्या मोठ्या माणसाचा कलश जवळपास पन्नास वर्षं कुलपात पडून राहतो, मग आपल्या घरच्या माळ्यावरचा किती दिवस कुणाच्या लक्षात राहील?

भावाची काळजी करू नकोस. तो म्हणतो सगळ्या अस्थी तापीकाठच्या प्रकाशा गावी नदीत सोडू, तू म्हणतेस थोड्या माझ्याजवळ राहू देत. यात भांडण कसलं? बुद्धांच्या अस्थींचे आठ वाटे झाले. वाटप संपल्यावर पिप्पलिवनचे मोरिय कुळाचे लोक आले, त्यांच्या वाट्याला चितेचे कोळसे आले, तर त्यांनी त्या कोळशांवर स्तूप बांधला. वाटून घेतल्याने माणूस कमी होत नाही. भावाला तापी-गोमाईच्या संगमावर जाऊ दे, तूही सोबत जा. तुझ्याकडे मूठभर पुरे.

आता फोटोंबद्दल. हिऱ्याचा विचार सोड. हिरा कार्बनचा असतो आणि चितेत कार्बन बहुतेक जळून जातो, मागे उरतं ते मुख्यतः हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट. आणि एवढ्या महागाची वस्तू शेवटी लॉकरमध्येच जाणार. काचेचं बरं, थोडी राख वितळलेल्या काचेच्या दोन थरांमध्ये नीट बसते, पण तो गोळा तू हातात कधी घेणार? लॉकेट चालेल, पण रोज गळ्यात घालणार असशील तरच. भाकरी थापताना, बसमध्ये, ऑफिसात. सणावारी काढायचं असेल तर नको.

झाडाबद्दल मात्र मला सविस्तर बोलू दे. कृषी सहायक म्हणून माझी सगळी नोकरी या मातीत गेली आणि लोक इथेच फसतात. राख म्हणजे खत, असं गावोगावी धरून चालतात, खड्ड्यात तांब्या उपडा करतात, वर रोप लावतात आणि रोप जळालं की अपशकुन मानतात. अपशकुन कसला! चितेच्या राखेत क्षार भरपूर असतात, मुळांना ते सोसत नाहीत. त्यात आपली तापीकाठची काळी माती मुळातच चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात हाडांतलं फॉस्फेट सहसा विरघळतच नाही, मग झाडाला ते मिळणार कुठून? लावायचंच असेल तर आषाढात लाव, खड्डा मोठा घे, मूठभरच राख भरपूर शेणखतात आणि मातीत कालव आणि मुळांपासून लांब, कडेने पसर. निंब लाव किंवा जांभूळ. आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार ते आधी ठरव. पुण्याहून फोन करून झाड जगत नाही, बेटा. मी परत तिथेच आलो बघ, हात लागला पाहिजे.

मी काय केलं ते तुला सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. तिसऱ्या दिवशी काकांनी सगळं सावडून नदीवर नेलं, मला कुणी विचारलं नाही, आणि आज त्यांचा चेहरा आठवायला गेलो तर दुसऱ्याच कुणाचा येतो. म्हणून माय गेली तेव्हा मी हटून बसलो. बाकी अस्थी रीतीप्रमाणे प्रकाशाला नेल्या, मूठभर मागे ठेवल्या आणि कुंभाराकडे गेलो. काका ओरडले, "मायनी राख घागरमा? येडा व्हयना का रे?" पहिल्या कुंभाराने हात जोडले. दुसरा म्हातारा होता, म्हणाला, मातीत राख आणि लीद तर आम्ही कालवतोच. त्याने ती राख फडक्यातून गाळली. फडक्यावर हाडाची बारीक कच उरली, ती खलात कुटून पुन्हा गाळली, मग चिखलात मळली. घागर भट्टीतून निघाली तेव्हा एका अंगाला काळा डाग होता. तो डाग मला आवडतो.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीच घागर भरतो. घागरीवर करा म्हणजे छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या, चुलीत पितरांच्या नावाने घास. बाकी उन्हाळाभर सून रोज तिच्यात पाणी भरते. ते पाणी आम्ही पीत नाही, तुळशीला घालतो आणि ओट्यावरच्या पाखरांच्या परळात ओततो. लोक म्हणाले, मायचा जीव अडकवलास. मी अजूनही म्हणतो, मी बरोबर केलं. नातवंडांनी मायला पाहिलेलं नाही, पण घागर कुणाची ते त्यांना ठाऊक आहे, कारण ती उचलताना जपावं लागतं. फुटेल का? फुटेल एक दिवस, आणि खापरं मळ्यात जातील. म्हणून काय हातच लावायचा नाही?

तुझ्या बापाने आयुष्यभर पाणी दिलं म्हणून मला घागरच सुचते. तुला लॉकेट हवं असेल तर लॉकेट कर, मी अडवणार नाही, पण रोजचं कर. घागर ठरली तर भावाला आधी सांग, त्याच्यापासून लपवून नको. आपल्या मुठीतलं फडक्यात बांधून आण, गाळायचं काम इथे करू. तो म्हातारा आता नाही, मुलगा चाक चालवतो, आणि पावसाळ्यात भट्टी बंद असते. आखाजीच्या आधी घागरी लावायची त्याची घाई असते, म्हणून होळीच्या सुमारास ये. येण्याआधी फोन कर, मी त्याच्याशी बोलून ठेवतो.

तुझा,
आप्पा