वाचकांचे प्रश्न : डोपामिनच्या विघटनातून प्रथिने कशी बिघडतात?

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या विघटनातून तयार होणारा पदार्थ प्रथिने बिघडवतो, असे वाचले. मग शरीरात डोपामिनमध्ये रूपांतर होणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळ्यांनी नुकसान वाढते का?

उत्तर : मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर डोपामिनपासून डोपाल नावाचे अल्डिहाइड (सहज अभिक्रिया करणारे संयुग) बनवते, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. एरवी अल्डिहाइड डिहायड्रोजनेज डोपालचे लगेच डोपॅक या तुलनेने निरुपद्रवी आम्लात रूपांतर करते. हे दुसरे विकर कमी पडले की डोपाल साचते आणि प्रथिनांतील लायसिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटाला चिकटते. पार्किन्सन्समध्ये चेतापेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या १४० अमिनो आम्लांपैकी १५ लायसिन आहेत, म्हणून ते डोपालच्या तावडीत सहज सापडते. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून पुंजके बनतात. डोपामिनच्या ऑक्सिडीभवनातून होणारे क्विनोन हे दुसरे संयुग मात्र मुख्यतः सिस्टीन या अमिनो आम्लाला धरते, आणि अल्फा-सिन्युक्लिनमध्ये सिस्टीन नाहीच.

पण एवढ्यावरून गोळ्या बंद करू नका! नेदरलँड्समधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इतरांपेक्षा ४० आठवडे आधी लेव्होडोपा सुरू केलेल्यांचा आजार अधिक वेगाने वाढला नाही. औषध अचानक थांबवल्यास मात्र तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकते. रासाजिलिन हे औषध पहिले विकर (मोनोअमाइन ऑक्सिडेज) रोखते, पण त्याने आजार मंदावतो हे अजून सिद्ध झालेले नाही.