बूस्टर नाकारला, आईची सहीही नाकारली

ब्रिटनमधल्या लेस्टरहून एका आईनं विचारलंय : माझा मुलगा 27 वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. 2024च्या शरद ऋतूत एनएचएसनं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं) कोविडचा बूस्टर दिला. 2025मध्ये 'यादीत बसत नाही' म्हणून फार्मसीनं परत पाठवलं. फ्लूच्या लशीला गेलो तर नर्स म्हणाली, तुमची सही चालणार नाही. दाद मागता येईल का?

ताई, बूस्टरच्या बाबतीत फार्मसीची चूक नाही. 2024मध्ये जोखमीच्या गटांत लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बौद्धिक अक्षमता, होती. 2025च्या शरदात यादी आकसली : 75च्या पुढचे, वृद्धांच्या केअर होममधले आणि प्रतिकारशक्ती दबलेले. ही यादी जेसीव्हीआय या तज्ज्ञ समितीच्या सल्ल्यानं ठरते. यादीला कोर्टात आव्हान देणं खर्चिक, मुदतही जेमतेम तीन महिन्यांची. त्या वाटेला मी तुम्हाला लावणार नाही. त्यापेक्षा जीपीला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला, विचारा : सांधेदुखीसाठी किंवा आणखी कशासाठी त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत का? असतील, तर तो यादीत बसू शकतो.

फ्लूची लस मात्र त्याला दर शरदात मोफत मिळायलाच हवी. जीपीच्या लर्निंग डिसॅबिलिटी रजिस्टरवर त्याचं नाव आहे ना, ते आधी बघा. 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द आपण डिस्लेक्सियासाठी वापरतो; ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ बौद्धिक अक्षमता. त्यामुळे आपले आईवडील फॉर्मवर 'नाही' लिहून येतात आणि मुलाचं नाव सुटतं. नाव असलं की दरवर्षीची आरोग्यतपासणीही मिळते.

आता सही. मुलगा सज्ञान आहे, म्हणून नुसती आई म्हणून तुमची संमती कायद्यानं चालत नाही. नर्स तेवढं बरोबर बोलली. पण तिथंच थांबली, हे चूक. मेंटल कपॅसिटी अॅक्ट 2005 (निर्णयक्षमतेचा कायदा) सांगतो : आधी त्यालाच विचारा, सोप्या शब्दांत, चित्रं दाखवून. तरीही समजलं नाही, तर त्याच्या हिताचा निर्णय लस देणाऱ्यानं घ्यायचा, तुमच्याशी बोलून. 2021मध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शनपुढे (स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठीचं कोर्ट) बौद्धिक अक्षमता असलेल्या 31 वर्षांच्या तरुणाचं प्रकरण आलं. वडिलांचा विरोध होता. कोर्टानं कोविडची लस त्याच्या हिताची ठरवली, पण धरूनबांधून टोचायला परवानगी दिली नाही. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

जीपीच्या मॅनेजरला आजच ईमेल करा (त्यातला इक्वॅलिटी अॅक्ट म्हणजे भेदभावाविरुद्धचा कायदा) : 'इक्वॅलिटी अॅक्ट 2010खाली माझ्या मुलासाठी सकाळची पहिली, दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट आणि शांत खोली हवी. त्याच्या संमतीचं काय ठरलं, ते लेखी कळवा.' टाळाटाळ झाली, तर हाच ईमेल जोडून लेखी तक्रार करा. ती बारा महिन्यांच्या आत करता येते.