सिलनायलॉन टेंटची शिलाई गळतेय? आधी कोटिंग बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नवा एक किलोचा टेंट भंडारदऱ्याला पहिल्याच पावसात मधल्या शिलाईतून गळला, आता सीम टेप (शिलाईवर आतून चिकटवायची पट्टी) चिकटवू का. टेप आणू नका. तुमचा टेंट सिलनायलॉनचा आहे, म्हणजे कापडावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन, आणि सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काहीच टिकत नाही. खात्री करायची तर आतून एका कोपऱ्यात साधा सेलोटेप दाबून बघा, लगेच सुटून आला तर सिलिकॉनच समजा. बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू (पॉलियुरेथेन) असंही कापड येतं, त्यात आतल्या बाजूला युरेथेनवाला सीलर चालतो.

हे मी ठासून सांगतोय कारण माझ्या पहिल्या टार्पला (डोक्यावर ताणायच्या साध्या कापडी छताला) मी दुकानदाराने दिलेला युरेथेन सीलर लावला होता, दिसायला झकास, आणि रतनवाडीला दुसऱ्याच रात्री तो भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा लांबच लांब पट्टीने सोलून निघाला, झोपेची बॅग पार भिजली.

कापड सहसा गळत नाही, सुईची भोकं गळतात. ताण आला की भोक रुंदावतं, पाणी दोऱ्यावरून आत येतं, थेंब टाक्याला लटकतो आणि शिलाईच्या कडेने घरंगळत भलतीकडेच पडतो. म्हणून टेंट गच्चीवर कडक ताणून उभा करूनच सील करायचा, घरात जमिनीवर पसरून नाही, ताणलेला असताना उघडी भोकं दिसतात आणि सिलिकॉन आत मुरतं.

सामान नाशकात कुठल्याही हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानात मिळेल: 100 टक्के पारदर्शक सिलिकॉनची ट्यूब (लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ती चालते, अ‍ॅक्रिलिक मिसळलेली नको) आणि मिनरल टर्पेंटाइन. एन.सी. थिनर घेऊ नका. एक भाग सिलिकॉनला दोन-तीन भाग टर्पेंटाइन, काचेच्या बरणीत काडीने घोटत राहायचं, आधी गुठळ्या होतात, घाबरू नका, पातळ काकवीसारखं झालं की झालं. थोडं थोडंच करा कारण उघड्यावर ते घट्ट होत जातं. वास उग्र आणि पेट घेणारा, तेव्हा मोकळ्यावरच, आसपास विडी-सिगरेट नको.

शिलाई आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग बाहेरून अर्ध्या इंचाच्या ब्रशने दोऱ्यावर घासत लावायचं, नुसतं फिरवायचं नाही, आणि ओघळ लगेच पुसायचे. कण्याची शिलाई (माथ्यावरची मधली) आणि दोऱ्या बांधायचे लूप जिथे शिवलेत तिथे दोन हात द्या, सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो, आणि लोक नेमके लूप विसरतात. उन्हाळ्यात दुपारी करू नका, आपल्याकडच्या वाऱ्याने ओल्या सिलिकॉनवर धूळ बसते, संध्याकाळी लावा आणि 24 तास तसाच उभा ठेवा. नंतर शिलाईवर टाल्कम पावडर चोळा, नाहीतर घडीत एकमेकांना चिकटतं.

एक सांगायचं राहिलं, नायलॉन भिजलं की सैल पडतं, मग छताच्या सैल भागात पाणी साठतं, म्हणून रात्री एकदा उठून दोऱ्या ओढाच. आणि आतून सगळीकडे बारीक दव असेल तर ती गळती नाही, श्वासाची वाफ आहे, दार थोडं उघडं ठेवा.

सुकल्यावर गच्चीवर पाइपने अर्धा तास पाणी मारा, आत वर्तमानपत्र पसरा, जिथे कागद भिजेल त्याच्या वरच्या अंगाची शिलाई परत करा.