सामायिक रान आणि जनावरांची वाट

प्रश्न : आमच्या दोडामार्ग तालुक्यातील गावी आठ हिस्सेदारांच्या नावे सुमारे बारा एकर रान आहे आणि त्याच्या मधून बारमाही व्हाळ (ओढा) वाहतो. रबर लागवडीसाठी ते विकत घ्यायला एक दलाल आमच्यामागे लागला आहे. गावातील तरुण मंडळी मात्र हा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग आहे, विकू नका, असे सांगतात. एवढ्याशा तुकड्याने खरोखर काही फरक पडतो का? शिवाय हत्तींनी ज्यांच्या माडपोफळींची नासधूस केली, त्यांनी ही वाट का राखावी?
– एक वाचक, सध्या मुक्काम ठाणे

उत्तर : फरक पडतो, आणि आपल्या बारा एकरांच्या बाबतीत तो थोडाथोडका नाही, असे मी पूर्ण विचारांती सांगतो. उत्तरेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. दक्षिणेला गोव्यातील म्हादई, कर्नाटकातील भीमगड आणि त्यापलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प आहे. या दोन टोकांमधील राधानगरी, आंबोली, चंदगड, तिळारी ही रानांची साखळी जोडलेली राहिली, तरच दक्षिणेकडील वाघ स्वतःच्या पायांनी उत्तरेला पोहोचू शकतो. तिळारीचे २९.५३ चौरस किलोमीटर रान २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाले आणि साखळीतील इतरही काही रानांना तसेच संरक्षण मिळाले. परंतु संवर्धन राखीव क्षेत्र शासनाच्या मालकीच्या जमिनीवर होते, आणि दोडामार्ग-सावंतवाडीतील रानाचा मोठा भाग आपल्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यातील वृक्षतोडीला मनाई केली, तीही खासगी जमिनींवर झपाट्याने झाडे पडत होती म्हणूनच.

आपण व्हाळाचा उल्लेख केलात, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच भागातील एका व्हाळाकाठी मी उन्हाळ्यात उभा होतो. ओल्या वाळूत सांबराचे खूर उमटलेले होते आणि ते पाण्यात उतरून पलीकडच्या काठाने वर गेलेले स्पष्ट दिसत होते. दहाबारा पावलांवर नव्या बागेचे काटेरी कुंपण होते व खालच्या तारेला राठ काळे केस अडकलेले होते. जनावर तेथवर येऊन अडखळले होते. गवा, सांबर, बिबट्या हे दिवसा उघड्यावरून जात नाहीत; व्हाळाच्या दोन्ही काठांची गर्द झाडी हाच त्यांचा रस्ता असतो. जुन्या काजूबागेत खाली झुडपे असतील, तर तिच्यातूनही जनावर निभावून जाते, पण यंत्राने डोंगर सोलून लावलेल्या एकसुरी रबरात त्याला ना आडोसा मिळतो ना चारा.

हत्तींविषयीचा आपला प्रश्न मी टाळणार नाही. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून तेथील बागायतदारांनी सोसलेले नुकसान खरे आहे. वीस वर्षे वाढवलेला माड एका रात्रीत आडवा झालेला पाहणाऱ्या माणसाला निसर्गप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या कोणालाही नाही. मात्र वाट तुटल्याने हत्ती परत जात नाही. रानाचा सलग पट्टा गेला की तो बागांमध्येच अधिक काळ घुटमळतो. भरपाई वेळेवर आणि झाडाच्या खऱ्या किमतीची मिळावी, हा आग्रह म्हणूनच भ्रमणमार्गाच्या कामाचाच भाग मानला पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात गोळावली येथे वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. त्याआधी तेथील गुरांवर हल्ला झाला होता. ज्याचे जनावर जाते त्याला एकटे सोडले, तर काय घडते, ते तेथे दिसले.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६ क नुसार एखादी व्यक्ती किंवा गाव स्वेच्छेने पुढे आले, तर खासगी अथवा सामूहिक जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित होऊ शकते. मालकी आपलीच राहते आणि व्यवस्थापन समितीत स्थानिकांचे प्रतिनिधी असतात. पण एकदा घोषणा झाली की समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, हे आठही हिस्सेदारांना आधीच समजावून सांगा. पुढे घरात वाद होण्यापेक्षा ते बरे. सर्वांची तयारी नसेल, तर अर्ज करण्याची घाई करू नका. रान न विकता व्हाळाच्या दोन्ही काठांची झाडी तशीच ठेवायची, तेथे तार ओढायची नाही, आणि उरलेल्या उतारावर झुडपे राखून काजू घ्यायचा, एवढे आपसात लिहून ठरवले तरी आपल्या तुकड्यापुरती वाट शाबूत राहील.

दोडामार्ग तालुक्यातच हेवाळे-बांबर्डे येथे गावाने देवराई म्हणून जपलेल्या रानात मिरिस्टिका या जायफळाच्या कुळातील झाडांची दुर्मीळ दलदल टिकून राहिली आणि पुढे तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कायदा तेथे उशिरा आला. राखण गावकऱ्यांनी आधीपासून केली होती. म्हणून गावातील त्या तरुणांना आपल्या हिस्सेदारांच्या बैठकीला अवश्य बोलवा, आणि व्हाळ वरच्या व खालच्या अंगाला ज्यांच्या जमिनीतून जातो, त्या शेजाऱ्यांनाही. दलालाची पुढची फेरी बहुधा त्यांच्याच दारी असेल.