बुरशी येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आतून थर्माकोल लावावा का?

नका लावू. तुम्ही लिहिलंय की थंडीत कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते, बुरशीरोधक रंग देऊनही पुढच्या हंगामात परत येते, म्हणून आता आतून थर्माकोल लावून वर पॅनेल बसवायचा विचार आहे. तसं केलंत तर बुरशी दिसायची थांबेल, वाढायची थांबणार नाही.

आधी ओल कुठून येते ते पाहा. त्या जागी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा लावा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय: गिलाव्याच्या भेगा, गळका पाइप, नाहीतर जोत्यातून वर चढणारी ओल. मग इन्सुलेशनचं, म्हणजे थर्माकोलसारख्या उष्णता अडवणाऱ्या थराचं, नावही काढू नका; आधी गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर ते हवेतलं बाष्प.

तुमचं वर्णन वाचून मला हे दुसरं कारण वाटतं. खोलीत 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 12 अंशांच्या भिंतीवर दव धरतं. पण बुरशी दवाची वाट बघत नाही. भिंतीलगतची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं, आणि त्याच खोलीत भिंत 15 अंशांपर्यंत उतरली की ते होतंच. कोपरे आणि कॉलम-बीम आधी गार पडतात, कारण काँक्रीटमधून उष्णता विटांपेक्षा लवकर निसटते. कपाटामागे तर खोलीची ऊबही पोचत नाही.

आता आतून थर्माकोल लावलात, तर ती ऊब पूर्णच तुटते आणि मूळ भिंत आणखी गार होते. खोलीतली दमट हवा मात्र फटींतून, स्विचबोर्डच्या भोकांतून मागे शिरतेच, आणि त्या गार भिंतीवर ओल धरते.

इन्सुलेशन बाहेरून करा: भिंतीवर इन्सुलेशनचा बोर्ड, त्यावर जाळी, वर पातळ गिलावा. कॉलम-बीमसकट अख्खी भिंत उबेत राहते. खिडकीभोवती भिंतीच्या जाडीत वळणाऱ्या कडा आणि स्लॅबच्या कडा सोडू देऊ नका. कारागीर नेमका तिथेच कंटाळा करतात, आणि बुरशी मग तेवढ्याच पट्ट्यात येते. खिडकीखालच्या पट्टीला बाहेर उतार हवा, नाहीतर पावसाचं पाणी बोर्डामागे जातं.

उन्हाळ्यात एसी सतत चालत असेल तर बाष्प उलट बाहेरून आत येतं. अशा भिंतीला आतून व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा प्लॅस्टिकसारखा रंग देऊ नका, ओल त्यामागे अडकते.

काम होईपर्यंत कपाट भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर पुढे ओढा, कपडे त्या खोलीत वाळत घालू नका आणि स्वयंपाक-आंघोळीनंतरही एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवा. साधा आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवा; थंडीत आकडा 50 च्या आसपास राहिला तर भिंत वाळायला वाव मिळेल.