काँक्रीट पडायच्या आधी लिहा : गुणवत्ता निरीक्षकांची प्रश्नोत्तरे

आयटीआय, डिप्लोमा करून आपल्याकडची बरीच पोरं आता अणुवीज प्रकल्पांच्या बांधकामावर ठेकेदारांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागली आहेत. कुणी हरियाणातल्या गोरखपूरला, कुणी कुडनकुलमला. त्यांचे फोन आणि पत्रं येतात आणि घोळ बहुतेक वेळा एकच असतो: खटकलेलं कुणाला सांगायचं, तोंडी सांगितलं तर भागतं का, नंतर सांगितलं तर चालेल का. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतो. पत्रांतली कंपन्यांची आणि साइटची नावं काढून टाकली आहेत.

औंढा नागनाथजवळ अणुऊर्जा विभागाचा मोठा प्रकल्प होतोय. ती अणुभट्टीच ना? किरणोत्सर्ग किती लांब येईल? (वसमत)

अणुभट्टी नाही. दुधाळ्याजवळ होतेय ती लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या आणि लेसर. त्यात अणुइंधन नसतं, त्यामुळे इंधनातून येणारा किरणोत्सर्गही नाही. खातं अणुऊर्जेचं आहे, एवढाच संबंध.

लातूरमध्ये एक संस्था 'न्यूक्लिअर क्वालिटी इन्स्पेक्टर, लेव्हल-२, नोकरीची हमी' असा पंधरा दिवसांचा कोर्स देते. फी पाऊण लाख. पोरगं डिप्लोमा झालंय. घालावं का? (औसा)

घालू नका. 'न्यूक्लिअर लेव्हल-२' अशी वेगळी पदवी कुणी देत नाही. लेव्हल-१, २, ३ या पायऱ्या एनडीटीच्या, म्हणजे वस्तू न तोडता आतला दोष शोधण्याच्या, एकेका पद्धतीसाठी असतात. रेडिओग्राफीची (एक्स-रेसारखी फिल्म काढायची) वेगळी, अल्ट्रासॉनिकची वेगळी. एसएनटी-टीसी-१ए या चालत आलेल्या पद्धतीत प्रमाणपत्राची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते आणि त्यासाठी प्रशिक्षणाबरोबर प्रत्यक्ष कामाचे तास लागतात. आपल्याकडे आयएस १३८०५ हे मानकही अनुभव मागतं. पंधरा दिवसांत अनुभव कुठून येणार? तो कागदावरच येतो. मग असा लेव्हल-२ साइटवर फिल्म वाचायला बसतो आणि मला पुढची पत्रं येतात. मुलाला आधी एखाद्या चांगल्या तपासणी कंपनीत मदतनीस म्हणून लागू द्या. पैसे भरण्याआधी भारतीय एनडीटी सोसायटीच्या जवळच्या शाखेत चौकशी करा.

रिअॅक्टर इमारतीच्या एका भिंतीत पोरच्या (काँक्रीट ओतण्याच्या) आधी मला एम्बेडेड प्लेटचे, म्हणजे भिंतीत बसवायच्या पोलादी पाटीचे, दोन अँकर कापलेले दिसले. सळईला अडत होते म्हणून कापले असणार. शिफ्ट इंजिनिअर म्हणाले, 'बॅचिंग प्लांट चालू झालाय, पोर होऊ दे, एनसीआर (दोषाची लेखी नोंद) उद्या टाकू.' मी सही केली नाही आणि तोंडी सांगितलं. पोर झाला. माझी जबाबदारी संपली का? (अंबाजोगाई)

नाही संपली. या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांच्या मुळाशी हा 'उद्या'च आहे.

आधी कापलेल्या अँकरचं बघू. भिंतीबाहेर दिसते ती नुसती पोलादी पाटी. तिच्यावर पुढे पाइपचे सपोर्ट, केबल ट्रे वेल्ड होतात. भूकंपात त्यांचा सगळा ओढा त्या पाटीमागच्या अँकरांवर येतो. अँकर नसले तरी पाटी बाहेरून तशीच दिसते, रंग तसाच बसतो, ठोकून बघितलं तरी कळेल याची खात्री नाही. सळ्यांवरचं कव्हर (काँक्रीटचा थर) कमी पडलं असतं तर ते नंतर कव्हरमीटरने मोजता आलं असतं. मीटरभर जाडीच्या, सळ्यांनी गच्च भरलेल्या भिंतीत कापलेला अँकर शोधणं हे वेगळंच काम आहे. ज्या घटकेला तो उघड्या डोळ्यांना दिसत होता ती घटका गेली. अतिवृष्टीनंतर शेत नांगरून टाकलं आणि मग तलाठ्याला पंचनाम्याला बोलावलं, तर तो काय लिहिणार?

म्हणूनच क्वालिटी प्लॅनमध्ये होल्ड पॉइंट असतात. विटनेस पॉइंटला बोलावलेला माणूस वेळेत आला नाही तर ठरलेल्या नियमाने काम पुढे नेता येतं. होल्ड पॉइंटला सही झाल्याशिवाय काम हलत नाही, बॅचिंग प्लांट चालू असो की मंत्री आलेले असोत. आता मला सांगा, तुमची सही नाही तर पोर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, कुणाची आहे? बाकीच्या रकान्यांत सह्या झाल्या आणि तुमचा रकाना रिकामा असताना काँक्रीट ओतलं असेल, तर तुमच्याकडे दोन एनसीआर आहेत. पहिला अँकरचा, दुसरा होल्ड पॉइंट ओलांडल्याचा. माझ्या मते दुसरा जास्त गंभीर आहे. अँकर एका भिंतीत कापले गेले, ओलांडायची सवय मात्र प्रत्येक भिंतीत जाते.

दोन्ही आजच टाका. पोर नंबर, ग्रिड, लेव्हल, प्लेट नंबर, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, कोणते अँकर, किती उरले होते, किती वाजता बघितलं, कुणाला सांगितलं आणि त्यांचं उत्तर काय होतं, एवढं लिहा. 'निकृष्ट काम', 'हलगर्जीपणा' असले शब्द लिहू नका. विशेषण आलं की चर्चा तुमच्या स्वभावावर जाते आणि अँकर बाजूला राहतो.

एनसीआर म्हणजे कुणाच्या पोटावर पाय, ही समजूतही डोक्यातून काढा. त्याचा निकाल 'आहे तसं ठेवा', 'दुरुस्त करा', 'पुन्हा करा' किंवा 'नाकारा' यांपैकी काही एक लागतो. तो ठरवायचा अधिकार डिझाइनवाल्यांचा. तुमचाही नाही आणि शिफ्ट इंजिनिअरचा तर अजिबात नाही. कदाचित डिझाइनवाले हिशेब करून म्हणतील की उरलेले अँकर पुरेसे आहेत. चांगलंच आहे, तसं लेखी येऊ द्या. कदाचित त्या पाटीवरचा भार कमी करतील किंवा शेजारी नवे अँकर ड्रिल करून बसवतील. पण त्यांना कळलंच नाही तर ते हिशेब कशाचा करणार?

उशीर किती महाग पडतो हे फ्रान्सच्या फ्लामानव्हिल-३ या अणुभट्टीत दिसलं. बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं. मुख्य वाफवाहिन्यांच्या वेल्डना नेहमीपेक्षा कडक दर्जा लागणार होता, पण ती अट वेल्डिंग करणाऱ्यांपर्यंत धडपणे पोचलीच नव्हती. त्यातले आठ वेल्ड दुहेरी कंटेनमेंटच्या (भट्टीभोवतीच्या संरक्षक कवचाच्या) दोन भिंतींच्या मधल्या जागेत होते. ते दुरुस्त करावेच लागतील असं तिथल्या नियामकाने २०१९ मध्ये ठरवलं, तेव्हा माणूस नीट पोचणार नाही अशा जागी रोबो पाठवून काम करावं लागलं. वीज ग्रिडला लागली डिसेंबर २०२४ मध्ये. उशिराची इतरही कारणं होती, पण हेच वेल्ड उघड्यावर असताना कुणी हात वर केला असता तर काम किती सोपं होतं याचा विचार करा.

आणखी एक. अमेरिकेत १९७० पासून अणुप्रकल्पांच्या गुणवत्तेसाठी अठरा निकषांची नियमावली आहे. त्यातला पहिलाच निकष सांगतो की गुणवत्ता तपासणाऱ्यांना खर्च आणि वेळापत्रक यांच्या दडपणापासून पुरेसं स्वातंत्र्य हवं. म्हणजे ज्याला पोरची तारीख गाठायची आहे त्याच्या हाताखाली निरीक्षक नको. तुमची रजा आणि ओव्हरटाइम शिफ्ट इंजिनिअरच मंजूर करत असेल, तर ती गोष्टही तुमच्या क्यूए (गुणवत्ता हमी) प्रमुखाच्या कानावर घाला.

क्रम असा ठेवा: तुमचा क्यूसी प्रमुख, मग ठेकेदाराचा क्यूए, मग मालक कंपनीचा क्यूए विभाग. तिथेही लेखी उत्तर मिळालं नाही तर एईआरबी, म्हणजे १९८३ मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ. पायरी सोडून उडी मारू नका, पण एकाच पायरीवर महिनाभर बसूनही राहू नका. मालक कंपनीच्या क्यूएमधल्या एखाद्या अनुभवी सिव्हिल इंजिनिअरला या आठवड्यात प्रत्यक्ष भेटा. मी हे पत्रावरून सांगतोय, तो जागा बघून सांगेल.

पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवू का? (माजलगाव)

नाही. अशा जागी मोबाईल न्यायला बंदी असते आणि तुम्हीच गुन्ह्यात सापडाल. ड्रॉइंगच्या झेरॉक्सही घरी नेऊ नका. फोटो हवा असेल तर एनसीआरमध्ये मागणी लिहा, साइटचा अधिकृत फोटोग्राफर काढेल.

मुलगा अणुप्रकल्पावर ठेकेदाराकडे निरीक्षक आहे. सारखा तक्रारी लिहितो म्हणे. त्याची नोकरी जाईल का? आम्ही त्याला गप्प राहायला सांगावं का? (कन्नड, वडील)

दादा, गप्प राहा असं मी त्याला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण तुमची काळजी खोटी नाही.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करायची सोय केली. पिडपी म्हणतात ती हीच. तक्रार बंद पाकिटात जाते. पाकिटावर ती पिडपीखालची असल्याचं लिहायचं, स्वतःचं नाव-पत्ता मात्र पाकिटावर नाही, फक्त आतल्या पत्रात. निनावी तक्रार घेत नाहीत. तीच तक्रार चार ठिकाणी पाठवली की गुप्तता उरत नाही, हे पोरं विसरतात. आणि ही सोय केंद्र सरकारच्या किंवा सरकारी कंपन्यांच्या माणसांच्या भ्रष्टाचाराबद्दल आहे. अँकर कापला ही तांत्रिक गोष्ट, तिला एनसीआर. कापलेला माहीत असून पैसे घेऊन बिल पास केलं, तर पिडपी.

२०१४ मध्ये व्हिसल ब्लोअरना संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अजून लागू केलेला नाही. 'कायदा आहे, काही होत नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मुलाला नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि हजेरीचे कागद जपून ठेवायला सांगा. राजीनामा मागितला तर जागेवर सही करू नये. कामगार कायद्याचा वकील संभाजीनगरात सहज मिळेल, त्याला आत्ताच एकदा भेटून ठेवा. नोटीस यायची वाट बघू नका.

वाळूजला आमचं छोटं मशीन शॉप आहे. वाल्व्हच्या भागांची ऑर्डर आहे, शेवटचा ग्राहक अणुप्रकल्प. स्टीलच्या डीलरने गिरणीचं (पोलाद कारखान्याचं) सर्टिफिकेट स्वतःच्या लेटरहेडवर टाइप करून दिलंय. चालेल ना? (छत्रपती संभाजीनगर)

चालणार नाही. मूळ गिरणीचं सर्टिफिकेट मागा आणि त्यातला हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा नंबर) बारवर पंच केलेल्या नंबरशी जुळवा. बार कापला की प्रत्येक तुकड्यावर तो नंबर पुन्हा उतरवा, नाहीतर तिसऱ्या तुकड्यापासून तुमच्याकडे नुसतं लोखंड उरतं. 'सगळे असंच देतात' हे डीलरचं वाक्य मला पाठ आहे. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये भागांची बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली आणि दोन चालू अणुभट्ट्या भाग बदलण्यासाठी बंद कराव्या लागल्या. पुढच्या वर्षी कंट्रोल केबलचे चाचणी अहवालच खोटे निघाले, पुन्हा अणुभट्ट्या बंद, माणसं तुरुंगात. शंका असलेला माल बाजूला ठेवा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी करून घ्या आणि ग्राहकाच्या क्यूएला आधीच कळवा. त्यांना नंतर सापडलं तर पुढची ऑर्डर विसरा.

व्हॉट्सअॅपवर आलंय की कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचा घुमट कोसळला होता, ते दाबून टाकलं आणि तसाच प्लांट चालू केला. खरं का? (परभणी)

पहिलं खरं, पुढचं सगळं खोटं. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असताना कैगा-१ च्या आतल्या कंटेनमेंट घुमटाच्या खालच्या बाजूचा काँक्रीटचा थर सुटून पडला. भट्टीत इंधन नव्हतं. चौकशीत डिझाइनमधला दोष पुढे आला: ताणलेल्या केबलमुळे घुमटाच्या जाडीत तयार होणारा ओढा पेलायला तिथे पुरेशी सळई नव्हती. घुमटाचं डिझाइन बदललं, तशाच रचनेच्या राजस्थानातल्या घुमटांचंही बदललं. कैगा-१ ने २००० मध्ये व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली आणि तीच भट्टी २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालली. असले फॉरवर्ड मला पाठवू नका.

दोन वेगवेगळ्या जॉइंटच्या रेडिओग्राफी फिल्म मला एकसारख्या वाटतात. नंबर वेगळे आहेत. मी नवीन आहे, चूक निघाली तर हसं होईल. (नांदेड)

होऊ द्या हसं. एका चांगल्या जॉइंटवर ठेवलेले, फिल्मवर उमटणारे शिशाचे नंबर बदलून अनेक शॉट घ्यायचे, ही लबाडी या धंद्यात जुनी आहे. हाताने केलेल्या वेल्डच्या लहरी बोटांच्या ठशासारख्या असतात, दोन जॉइंटच्या जुळत नाहीत. दोन्ही फिल्म व्ह्यूअरवर एकावर एक ठेवा. लहरी, काठ आणि बारीक छिद्रं जागेवर जुळली तर स्वतः निष्कर्ष लिहू नका. 'पुन्हा वाचन आणि पुन्हा रेडिओग्राफी हवी' एवढं लिहून लेव्हल-३ कडे पाठवा. फिल्म तुमच्या ताब्यातून जाताना पोच घ्या. अमेरिकेत ओहायोत झिमर नावाचा अणुप्रकल्प जवळजवळ बांधून झाला होता. वेल्ड आणि गुणवत्तेचे कागद विश्वास ठेवण्यासारखे नाहीत असं निष्पन्न होत गेलं, १९८२ मध्ये नियामकाने सुरक्षेशी संबंधित बांधकाम थांबवलं आणि शेवटी तिथे कोळशावरचं वीज केंद्र झालं. तुमच्या हातात आत्ता दोनच फिल्म आहेत.

तीन वर्षांपूर्वी बघितलेला दोष आता सांगितला तर 'तेव्हा का नाही बोललास' म्हणतील. (उदगीर)

म्हणतील. तरीही लिहा. दोष कोणत्या प्रकारचा ते तुम्ही कळवलेलं नाही, त्यामुळे मी जास्त सांगू शकत नाही. काँक्रीटमधली पोकळी असेल तर अल्ट्रासॉनिक पल्स किंवा कोअर (ड्रिल करून काढलेला काँक्रीटचा नमुना) घेऊन बघता येतं, वेल्ड असेल तर जुन्या फिल्म रेकॉर्ड रूममध्ये असतात. आठवतं तेवढंच लिहा, अंदाजाने भर घालू नका. कंपनी सोडली असेल तर मालक कंपनीच्या क्यूएला आणि एईआरबीला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, त्याआधी मसुदा वकिलाला दाखवा. चौथं वर्ष लागू देऊ नका.

चष्मा लागला. लेव्हल-२ जाईल का? (हिंगोली)

चष्म्यासकट जवळचं नीट दिसत असेल तर जात नाही. ही तपासणी दरवर्षी लागते. तुम्ही पत्रात लिहिलंय की गेल्या वर्षीची राहून गेली. म्हणजे मधल्या काळातल्या तुमच्या रिपोर्टवर कुणीही बोट ठेवू शकतो. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि त्याच दिवशी लेव्हल-३ ला हे स्वतःहून सांगा. ते रिपोर्ट पुन्हा तपासायचे की नाही, हे तो ठरवेल.