गेल्या हंगामाचा गोलंदाज आता कसा निवडायचा?

प्रश्न : आमच्या भागातल्या टेनिस-बॉल स्पर्धांच्या गेल्या हंगामातल्या सगळ्या वह्या जमवल्यात. सामने सहा षटकांचे, एका गोलंदाजाला दोन षटकं. सर्वोत्तम गोलंदाजाचं बक्षीस तेव्हा राहून गेलं, ते आता द्यायचंय. नुसते बळी मोजले तर भांडणं होतील. काय करावं? – एक क्रीडा मंडळ, गुहागर

उत्तर : बळी तूर्त बाजूला ठेवा, आधी वह्या दुरुस्त करा. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या नावावर, बाय-लेगबाय नाहीत. शेवटच्या षटकातल्या पळापळीत धावबादही बरेचदा त्याच्याच खात्यात पडलेला असतो, तो काढा. आणि १.४ षटकं म्हणजे १० चेंडू. बेरीज चेंडूंचीच करा.

आता त्याला त्याच सामन्यातल्या बाकीच्या गोलंदाजांच्या शेजारी उभं करा. समजा, १२ षटकांत गोलंदाजांनी मिळून ११८ धावा दिल्या, त्यातल्या याच्या दोन षटकांत १४. बाकीच्यांची १० षटकं, १०४ धावा, म्हणजे षटकाला १०.४. त्या हिशोबाने याने २०.८ द्यायला हव्या होत्या, ६.८ वाचवल्या. दुसऱ्या मैदानावर एकूण ६३ च धावा झाल्या आणि कुणी दोन षटकांत ९ दिल्या, तर वाचल्या फक्त १.८. वहीत ९ भारी दिसतात, पण १४ वाला सरस. कातळावर चेंडू उसळतो, कापणी झालेल्या मळ्यात बसतो, सीमारेषा तर जागा मिळेल तशी. म्हणून वेगवेगळ्या मैदानांचे आकडे थेट भिडवायचे नाहीत. सगळ्या सामन्यांतल्या वाचलेल्या धावांची बेरीज करा, सरासरी नको. जो जास्त राबला त्याला त्याचं माप मिळालंच पाहिजे.

बळीमागे दोन धावा वर द्या, त्याहून जास्त नको. सहा षटकांत संघ क्वचितच सर्वबाद होतो, आणि बळीमुळे रोखलेल्या धावा बऱ्याचशा आधीच हिशोबात आलेल्या असतात.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांना असा मागाहून निवाडा करायची दांडगी हौस. तिथला पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, साय यंग पुरस्कारच १९५६ ला सुरू झाला, त्यामुळे आधीचे हंगाम मोकळेच पडलेत. १९६८ मध्ये पिचर बॉब गिब्सनने दिलेल्या धावांची (क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे झालेल्या वगळून) सरासरी नऊ डावांमागे १.१२, तर २००० मध्ये पेद्रो मार्टिनेझची १.७४. पण गिब्सनच्या लीगची सरासरी ३ च्या घरात होती, पेद्रोच्या लीगची ५ च्या जवळ. १९६८ मध्ये फलंदाज इतके जेरीस आले की पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. त्या-त्या हंगामाच्या मापाने पेद्रो किंचित पुढेच निघतो.

प्रश्न : मे महिन्यात मुंबईहून आलेला चाकरमानी चार सामन्यांत धुमाकूळ घालून जातो. तो धरायचा का? – एक वाचक, दापोली

उत्तर : किमान १२० चेंडूंची अट घाला, चार सामन्यांत ४८ च होतात. समोरचा संघही बघा. २०१८-१९ च्या रणजीत बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ चा ६४ बळींचा विक्रम मोडला, पण ते प्लेट गटात, नवख्या संघांविरुद्ध.

प्रश्न : काही पानांवर फक्त संघाची एकूण धावसंख्या आहे. – एक वाचक, मालवण

उत्तर : तो सामना सगळ्यांसाठीच वगळा. आठवणीवरून आकडे भरू नका.